बोराळ्यांची सव्वा मूठ

आप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. आता चोविसावं चालू आहे. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि आज वाटतंय ते मायेनं वाटतंय असा गैरसमज करून घेऊ नका. मला तुम्हाला एकच विचारायचं होतं, आपण नक्की कोण? तुम्ही नव्हतात, म्हणून मी ते दुसऱ्यांना विचारत फिरलो. तहसीलच्या आवारात विचारलं, तुमच्या जुन्या शाळेत विचारलं, नानांना विचारलं, आणि शेवटी जळगावच्या एका घरात तेच मला विचारलं गेलं. तिथे मी काय उत्तर दिलं ते सांगायला बसलोय. पण आधी भांडण करून घेतो, कारण ते तुमच्याशी आहे.

आपल्या घरातले कागद तुम्ही कधी एका जागी ठेवून पाहिलेत का? मी पाहिले. रेशन कार्डावर आपण बोराडे आहोत. मतदार यादीत बोराये. लाइटच्या बिलावर पाटील, तोही ऱ्हस्व टि घालून. तुमच्या सर्व्हिस बुकात पाटील, माझ्या शाळेच्या दाखल्यावर पाटील. गावाकडे तुमच्या धाकट्या भावाच्या, नानांच्या सातबाऱ्यावर बोराळे. आणि धुळ्याच्या आपल्या दारावर तुम्ही जी पाटी लावलीत तिच्यावर नुसतं 'गुरुजी'. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं. निम्मा वर्ग पाटील असायचा. पाटील हे शाळेत लिहायचं, चारचौघांत सांगायचं. खरं आडनाव म्हणजे कूळ, ते घरात झाकून ठेवायचं आणि सोयरीक जमवायची वेळ आली की बाहेर काढायचं. त्यात आपल्याकडच्या जिभेला ळ नकोसा. डोळ्याला डोया, कुळाला कूय. म्हातारी माणसं बोराये म्हणणार आणि टेबलामागचा कारकून त्याच्या कानाला जे पटेल ते लिहिणार. इथवर मला सगळं मान्य आहे. मान्य नाही ते तुमचं वागणं.

नाना सांगायचे, आपले पूर्वज तापीपलीकडून आले, तिथे बोरीचं बन होतं म्हणून आपण बोराळे. भाऊबंदकीतले एक म्हातारे म्हणायचे, बन कसलं, गाव होतं त्या नावाचं आणि तिथून आपल्याला हाकलून लावलं. दोघं यावरून दरवर्षी हमरीतुमरीवर यायचे. तुम्ही तिथेच खाटेवर बसलेले असायचात, आणि चष्मा पुसत राहायचात. दुसऱ्यांच्या पोरांना नद्या कुठे उगम पावतात ते पाठ करून घेणारा माणूस स्वतःच्या आडनावाच्या उगमाबद्दल एक वाक्य बोलत नाही, याला काय म्हणायचं? मी पाचवीत होतो. नव्या वह्यांना खाकी कव्हरं घातली होती. लेबलं दरवर्षी तुम्ही लिहायचात, पण त्या दिवशी तुम्हाला सोनगीरच्या शाळेतून यायला उशीर झाला आणि मला धीर नव्हता. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं बोराळे. ळ अगदी तुम्ही शिकवला होता तसा काढला, दोन गोल एकमेकांना चिकटलेले, सारख्या उंचीचे, जणू चष्माच. तुम्ही आलात, खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही, वही हातात घेतली आणि माझ्या थोबाडीत दिली. मारकुटे मास्तर मी पुष्कळ पाहिले, तुम्ही त्यांतले नव्हतात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लेकरानं केलं तरी काय?" तुम्ही पिशवी खुंटीला लावलीत. दिवे लागायच्या सुमाराला बाहेर जाऊन आलात आणि माझ्यासाठी हिरव्या दांडीचं शाईचं पेन आणलंत. मग त्याच पेनानं नव्या लेबलावर तुम्ही पाटील लिहिलंत. थोबाडीत आणि पेन एकाच दिवशी. काहीतरी केलेला माणूस असाच वागतो, असं मला तेव्हा नाही, पण पुढे फार वेळा वाटलं.

आता तिचं सांगतो. तुम्ही असतात तर तुमच्यापुढे हे बोलायची माझी छाती झाली नसती.

तीही पाटील. जळगावहून पॅसेंजरनं अमळनेरच्या कॉलेजात यायची, मी धुळ्याहून एसटीनं. आमच्या वर्गात इतके पाटील होते की सर आडनाव घेतच नसत, नुसता हजेरी क्रमांक पुकारत. एकदा पॅसेंजर उशिरा होती आणि तिचा क्रमांक पुकारल्यावर मी मागून बायकी आवाजात "हजर" म्हणालो. वर्ग हसला, सरांनी मला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी ती जिन्यात मला थांबवून म्हणाली, "माझा आवाज असा आहे?" तिथून पुढे दोन वर्षं. फार काही नाही, स्टेशनवरचं बाकडं, तिच्या डब्यातले केळ्याचे वेफर्स, तिची गाडी सुटली की माझं स्टँडपर्यंत पायी जाणं. पण मला तेवढ्यावर दिवस काढता यायचे. दोन वर्षांत आम्ही एकमेकांना कूळ विचारलं नाही. कूळ विचारणं म्हणजे लग्नाचंच विचारणं, आणि ते दोघंही पुढे ढकलत होतो. शेवटी तिनंच विचारलं. तिच्या घरी स्थळं यायला लागली होती.

"तुमचं कूळ कोणतं?" चपलेच्या टोकानं फरशी घासत तिनं विचारलं.

"का? पत्रिका छापायची आहे?"

"सांगा ना."

"बोराळे."

ती हसली. मग एकदम हसायची थांबली. "अशी चेष्टा नका करू."

"चेष्टा कसली?"

"आम्ही पण बोराळेच," ती म्हणाली.

तेवढ्यात पॅसेंजर आली. ती डब्यात चढली आणि तिनं खिडकी धरली नाही, रोज धरायची. मी बाकड्यावरच बसून राहिलो. एका कुळाचे म्हणजे भाऊबहीण. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घराणी वेगळी, गावं वेगळी, शंभर कोसांचं अंतर असलं तरी ती सोयरीक कुणी जमवत नाही.

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की ती खोटं बोलतेय. एखादं चांगलं स्थळ आलं असेल, नोकरीवाला असेल, आणि सरळ नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं. दुसऱ्या दिवशी तोंडावर म्हणालोही. ती रडली नाही, तिला माझा स्वभाव माहीत होता. तिसऱ्या दिवशी तिनं तिच्या भावाची लग्नपत्रिका आणून माझ्या हातात दिली. पाटील, आणि पुढे कंसात बोराळे. मी ती पत्रिका उजेडात धरून पाहिली, कंस नंतर कुणी छापून घेतलाय का म्हणून. मग मी दुसरं टोक पकडलं. म्हणालो, आमच्या रेशन कार्डावर तर बोराडे आहे. ड. तुमचा ळ. म्हणजे आपण वेगळे. खोटं कशाला सांगू, त्या एका ड वर मी चार दिवस जगलो. तिनं घरी वडिलांना एका मैत्रिणीचं आडनाव म्हणून विचारून पाहिलं. येऊन सांगितलं, "आबा म्हणाले, ड लिहा का ळ लिहा, सोयरीक जमवताना आपण रेशन कार्ड वाचतो का?" हे सांगताना तिला हसू आलं होतं आणि मला त्या हसण्याचाही संशय आला. त्यानंतर आठवड्याभरात तिचं कॉलेजात येणं बंद झालं. तिनं दाखला नेला का, हे विचारायला मी ऑफिसात गेलो, कारकून म्हणाला तुम्ही तिचे कोण, आणि मी ओळखपत्र त्याच्या टेबलावर फेकून बाहेर पडलो. तिसरं वर्ष अर्धं राहिलं होतं. ते अजून तसंच आहे. कोण, याचं उत्तर देता येत नव्हतं म्हणून मी कॉलेज सोडलं, असं मी लोकांना सांगत नाही. लोकांना सांगतो की मन लागत नव्हतं.

आईला विचारलं. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. "मला करून आणलं तेव्हा पाटीलच होते," म्हणाली, "आता मेलेल्या माणसाला कशाला उकरतो?" तिनं तव्यावरून नजर काढली नाही, म्हणून मला वाटलं तिलाही ठाऊक आहे. त्या दिवसांत मला सगळ्यांनाच सगळं ठाऊक आहे असं वाटायचं.

मग धुळ्याला तहसीलच्या आवारात एका टायपिस्ट मामांच्या शेजारी बसायला लागलो. लिंबाखाली टेबल, वर पावसाचा कागद. आमचा निम्मा धंदा आडनावांचा आहे, आप्पा, तुम्हाला गंमत वाटेल. दाखल्यावर एक, सातबाऱ्यावर दुसरं, मग प्रतिज्ञापत्र करायचं की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. माणसं समोर उभं राहून शपथेवर सांगतात की मी तो मीच. मामा म्हणायचे, "अरे, सरकारला संशय घ्यायचाच पगार आहे. आपण कागद द्यायचा." एके दिवशी मी त्यांना आपलं कागदांचं भेंडोळं दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळे नंतरचे. तुझ्या बापाचं नाव पहिल्यांदा शाळेत घातलं, ती नोंद बघ. तिथे जे असेल ते खरं धरतात."

मला खरं नको होतं. मला आपण बोराळे नाही, एवढंच हवं होतं. ते कुणीही, कसल्याही कागदावर दिलं असतं तर मी घेतलं असतं.

श्रावण लागला होता. मी शिंदखेड्याची एसटी धरली आणि तिथून पुढे आपल्या गावी. नानांकडे न जाता सरळ शाळेत गेलो. रविवार असूनही हेडमास्तर कामाला बसलेले होते; तुमचा मुलगा म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. तुम्ही ज्या शाळेत शिकलात तिथेच पुढे चार वर्षं मास्तर होतात, हे मी विसरलो होतो. पान सापडलं. तुमचं नाव. त्यापुढे तुमच्या वडिलांचं नाव आणि आडनाव, आणि त्या दोन्ही शब्दांवर तांबड्या शाईची सरळ रेघ, पट्टी ठेवून मारलेली. वर तांबड्या शाईतच आजोबांचं नाव आणि बोराळे. खाली कुणाचा हुकूम नाही, तारीख नाही, सही नाही. ळ मात्र होता. दोन गोल एकमेकांना चिकटलेले, सारख्या उंचीचे. मी ते अक्षर हजारातून ओळखलं असतं, मी त्यावरच गिरवून लिहायला शिकलोय. रेघेखालचं जुनं आडनाव अजून वाचता येत होतं. मोरे. त्याआधीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

तुम्ही, आप्पा. दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड दिसली तर कान धरणारे तुम्ही. मास्तर झालात, कपाटाची किल्ली हातात आली, आणि स्वतःचा बाप खोडलात. मी हेडमास्तरांचा चहा तसाच ठेवून उठलो. रस्त्यात मनात काय काय आलं ते सांगतो. हा मोरे कोण होता? चोर होता का? कुणाचा खून केला होता का? का तो आपल्या जातीचाच नव्हता? का तो काहीच नव्हता आणि तुम्हाला फक्त मोठ्या घरात घुसायचं होतं? आणि या सगळ्याच्या खाली, खरं सांगतो, एक आनंद उकळत होता. मोरे. म्हणजे माझं आणि तिचं लग्न होऊ शकत होतं.

नानांच्या घरी कानबाई, आपली कुळदेवी, बसली होती. नागपंचमीनंतरचा तो रविवार आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. एरवी तुमच्या मागेही मी दरवर्षी जायचो. ओट्यावर बायका गाणी म्हणत होत्या, आत काकूंनी रोटांच्या, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांच्या, गव्हाची परात काढलेली होती. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ गहू, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा, आणि त्या गव्हाचे रोट कुळाबाहेर कुणी खायचे नाहीत, सासरी गेलेल्या लेकीनंही नाही. नानांनी मला पाहिलं. "ये रे भो, टाइमवर उना. तुनी मूठ टाकेल शे," म्हणाले. वेळेवर आलास, तुझी मूठ टाकलेली आहे. मी त्यांना दंडाला धरून मागच्या गोठ्यात नेलं आणि विचारलं, "मोरे कोण?"

नानांनी आधी गोठ्याचं दार लोटलं. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं. तुमची आई, आमची मोठी माय, पहिल्या नवऱ्यामागे दोन वर्षं माहेरी होती. मग आजोबांनी तिच्याशी पाट लावला. विधवेचं लग्न आपल्यात पूर्वी उजळ माथ्यानं होत असे. पुढे आपल्या लोकांना मोठेपण आलं आणि पाटाचं नाव काढेनासे झाले. "तो आठे उना तवय तीन वरीसना व्हता," नाना म्हणाले. "मायना पदर धरीसन उना." तीन वर्षांचे तुम्ही, आईचा पदर धरून आलेले. नाना स्वतः त्यानंतर झाले.

"मग शाळेत मोरे का घातलं? लपवायचं होतं ना?"

"बापनी घालं," नाना म्हणाले. आजोबांनीच. शाळेत नाव घालायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले तुमचंच लावू, कुणाला कळतंय. आजोबा म्हणाले, मेलेल्या माणसाचा हा एकच पोर, कागदावर त्याचं राहू द्या. आणि त्याच श्रावणात त्यांनी भाऊबंदकीसमोर तुमच्या नावाची सव्वा मूठ स्वतःच्या हातानं परातीत टाकली. एक म्हातारा उठून गेला, बाकीचे बसले. तुम्ही रोट खाल्लात, म्हणजे तुम्ही बोराळे झालात. संपलं.

मग मला आठवलं. स्वयंपाकघरात सगळे पुरुष ओळीनं बसलेले आहेत, तुम्ही टोकाला. रोट वाढून झालाय, सगळ्यांची सुरुवात झालीय, तुमचा हात मांडीवर. आजोबा उठतात, गुडघ्यावर हात रोवून, तुमच्यापर्यंत येतात आणि स्वतःच्या ताटातला तुकडा मोडून तुमच्या हातावर ठेवतात. तेव्हा तुम्ही खाता. चाळिशी ओलांडलेला, चष्मा लावलेला मास्तर, आणि बाप घास देईपर्यंत थांबतो. मी समजायचो तो तुमचा काहीतरी मान आहे.

"आन मंग तेनी ते खोडं," नाना म्हणाले. तुम्ही नवे नवे मास्तर होतात. मोठ्या आनंदानं घरी येऊन तुम्ही आजोबांना सांगितलंत, आता कागदावरही तुमचंच नाव केलं. नानांच्या सांगण्यावरून आजोबा इतके कधीच चिडले नव्हते. म्हणाले, "कागदवर त्यानं नाव, मुठवर मनं. तू दोन्ही बिघाडं." कागदावर त्याचं नाव, मुठीवर माझं, तू दोन्ही बिघडवलंस. परत खाडाखोड करायची तुमची हिंमत झाली नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही स्वतःच्या हातानं बोराळे कुठेच लिहिलं नाहीत, मोरेही नाही. जिथे तिथे पाटील. ज्यात कुणीही मावतं ते.

इथे कुणी शहाणा असता तर त्याचा राग उतरला असता. मला वाटलं, हे सगळं नानांनी आत्ता रचलं. इतकं चांगलं कुणी असतं का? आणि मला घाई होती. मी रोट न खाताच धुळ्याला परतलो, लिंबाखाली बसून कागद टाइप केला: माझे वडील जन्मानं मोरे, आम्ही बोराळे कुळाचे नाही, नव्हतो. साक्षीदार म्हणून नानांची सही हवी होती. पुढच्याच आठवड्यात पुन्हा त्यांच्या अंगणात उभा राहिलो. त्यांनी कागद वाचला. अक्षरं लावून लावून वाचतात ते, फार वेळ लागला. "कोठे करू?" एवढंच विचारलं. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली आणि पेन मला परत देताना म्हणाले, "मी ते सही करस. पन पुढला वरीस तुनी मूठ टाकू का नको, ते तूच सांगी जाय."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. मला जळगावची गाडी धरायची होती.

तिचं घर मी बाहेरून पुष्कळ वेळा पाहिलं होतं. आत पहिल्यांदाच गेलो. तिचे वडील, ज्यांना ती आबा म्हणते, बनियनवर पेपर वाचत बसले होते. मला बघून आत जाऊन शर्ट घालून आले. शेजारी तिचे काका. मी कोण, कशाला आलो, सगळं एका दमात सांगितलं आणि कागद पुढे केला. आबांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली, उलगडला, परत वाचला. ओरडणारा माणूस असता तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे. काकांनी कागद ओढून घेतला.

"म्हणजे आजी पाटाची," काका म्हणाले.

"हो."

"अन् गुरुजी आईसंगे आलेले. म्हणजे आहेरातच आले म्हणा की." ते स्वतःच हसले.

"तू गप बस," आबा त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे बघ भाऊ, कागदाचं राहू दे. मला एक सांग. बोराळ्यांचा रोट खाल्लाय का तू? तू किंवा तुझ्या वडिलांनी?" आणि थोडं थांबून, अगदी हळू म्हणाले, "घाई नको करू. नीट आठवून सांग. लहानपणीचं माणसाला धड आठवत नाही."

मला कळलं, आप्पा. मी तापट असेन, बिनडोक नाही. ते मला दार उघडून देत होते. त्यांना पोरीचा जीव कळत होता. मी एवढंच म्हणायचं होतं की आठवत नाही, लहान होतो, खाल्ला नसावा. ते शिंदखेड्याला चौकशी करायला जाणार नव्हते. आतल्या दाराचा पडदा हलत नव्हता, पंखा चालू असूनही हलत नव्हता, म्हणजे तो कुणीतरी मागून धरलेला होता.

काकांच्या तोंडावर ते हसू अजून होतं. आहेरात आले.

"खाल्ला," मी म्हणालो. "दरवर्षी खाल्ला. माझ्या बापानं खाल्ला, त्याच्या बापानं हातावर ठेवलेला खाल्ला. आम्ही बोराळे आहोत, तुमच्याहून जुने." काकांच्या हातातून कागद घेतला आणि बाहेर आलो. पायरी उतरताना मागे आबा काकांना काहीतरी बोलत होते, आणि पडद्यामागून काही आवाज आला नाही. मी थांबलो असतो तर आला असता, असं मला वाटतं. मी थांबलो नाही.

गाडीत मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. मी माझ्या बापाचं नाव राखलं, हे मी पुढे दहा जणांना सांगितलं असेल. टायपिस्ट मामांना सांगितलं, आईलाही सांगितलं. आई रडली आणि पहिल्यांदाच म्हणाली की तिला सगळं माहीत होतं. नाना कुणाकडून तरी ऐकून धुळ्याला आले आणि कपाशीचं सांगत राहिले, जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. सगळ्यांनी मला चांगलं ठरवून टाकलं आहे. तुम्हीही ठरवाल, म्हणून हे लिहायला घेतलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात तुम्ही नव्हतात, आजोबाही नव्हते. मला फक्त त्या माणसाचं हसणं बंद करायचं होतं. तो हसला नसता तर मी नाही म्हणालो असतो, आणि मग तुमची आठवण पुन्हा काढली नसती.

हे कुठे पाठवणार? लिहून झालं की ठेवून देणार. अजून एक राहिलं. नानांच्या सहीचा तो कागद मी फाडून टाकला असं आईला सांगितलंय. फाडलेला नाही. जळगावकडची माणसं कामाला येतात, त्यांच्याकडून कळतं की तिचं अजून कुठे जमलेलं नाही, आणि काकांचं त्या घरात आता फारसं चालत नाही. मी दर वेळी विचारतो, आणि दर वेळी आपल्याला त्याचं काही नाही असं तोंड करून विचारतो.